आधी श्रोते, मग मत: मॅस्टोडॉन आणि ब्लूस्कायवर राजकारण-तंत्रज्ञानाच्या गप्पा

मोठ्या कंपनीच्या सोशल मीडियावर वर्षानुवर्षं लिहिणारा माणूस मॅस्टोडॉन या कुठल्याही एका कंपनीच्या ताब्यात नसलेल्या सोशल नेटवर्कवर येतो, एखाद्या नव्या कायद्यावर किंवा एआय कंपनीच्या निर्णयावर चार सणसणीत ओळी टाकतो, आणि पुढे दोनपैकी एक गोष्ट घडते. एक तर कुणी ढुंकूनही पाहत नाही, नाहीतर अनोळखी लोकांची रांग एकच आक्षेप घेऊन दारात उभी राहते. दोन्हींचं मूळ एकच. तुमचं म्हणणं कुणापर्यंत न्यायचं हे ठरवणारा मध्यस्थ इथे नाही. मॅस्टोडॉनच्या होम टाइमलाइनवर पोस्ट वेळेच्या क्रमाने येतात. तुमचे फॉलोअर, तुम्ही लावलेला हॅशटॅग फॉलो करणारे आणि कुणी बूस्ट केलं, म्हणजे पोस्ट आपल्या फॉलोअरना पुढे दाखवली, तर त्यांचे फॉलोअर, मुख्यतः एवढीच पोस्टची धाव. पसरवण्याचं आणि थांबवण्याचं जे काम कंपनीचा अल्गोरिदम करायचा, ते इथे तुम्ही, तुमचे वाचक आणि सर्व्हरचे मॉडरेटर मिळून करता.

म्हणून मत काय मांडायचं याआधी ते कोण ऐकणार आहे, हे ठरवायला शिकावं लागतं. राजकारण आणि तंत्रज्ञान या दोन विषयांत तर हे फारच महत्त्वाचं, कारण दोन्हींकडे लोक ठाम मतं घेऊनच येतात. पुढच्या पायऱ्या मी ज्या क्रमाने करायला सांगेन त्याच क्रमाने दिल्या आहेत. मत लिहिण्याची पायरी पाचवी आहे, ती मुद्दामच.

पायरी १: आपण नेमके कुठे बोलतोय ते ओळखा

'विकेंद्रित' म्हटलं की सगळी नेटवर्कं एकाच माळेत ओवली जातात, पण रचना वेगवेगळ्या आहेत आणि त्यानुसार धोकेही.

मॅस्टोडॉन २०१६ मध्ये ऑयगेन रोख्को यांनी जर्मनीत सुरू केलं. हजारो स्वतंत्र सर्व्हर, प्रत्येकाचे स्वतःचे नियम, आणि एकमेकांशी बोलण्यासाठी ॲक्टिव्हिटीपब हा सामायिक प्रोटोकॉल, म्हणजे संवादाचे नियम. वेबचे मानक नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने तो जानेवारी २०१८ मध्ये मान्य केला. लेमी, पिक्सेलफेड, पीअरट्यूब ही नेटवर्कंही तोच वापरतात. या सगळ्या गोतावळ्याला फेडिव्हर्स म्हणतात.

ब्लूस्कायची सुरुवात २०१९ मध्ये ट्विटरच्या आतून झाली, पुढे ती वेगळी कंपनी झाली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये निमंत्रणाशिवाय सगळ्यांना खुली झाली. तिचा प्रोटोकॉल वेगळा, एटी. इथे लक्षात ठेवायची बाब म्हणजे जवळपास सगळं उघड असतं: पोस्ट, लाइक, कोण कुणाला फॉलो करतं, इतकंच काय, कुणी कुणाला ब्लॉक केलंय हेसुद्धा. एखाद्या राजकीय पोस्टला दिलेला लाइक ही तुमच्या नावावरची सार्वजनिक नोंद आहे.

नॉस्टर या आणखी एका विकेंद्रित नेटवर्कवर तर खातं म्हणजे एक गुप्त किल्ली. ती हरवली की खातं गेलं, कुणाच्या हाती लागली तर तुमच्या नावाने तो बोलणार, आणि दाद मागायला कुठलं ऑफिस नाही. नव्या माणसाने राजकीय चर्चेची सुरुवात तिथून करू नये असं माझं मत आहे.

पायरी २: सर्व्हरचे नियम वाचा, आणि तो कुणाशी बोलत नाही तेही बघा

ही पायरी फक्त फेडिव्हर्सवाल्यांसाठी. खातं उघडण्याआधी सर्व्हरचं माहितीपान उघडा. तिथे नियम असतात, ॲडमिन कोण ते असतं, आणि बऱ्याच ठिकाणी या सर्व्हरने कोणते सर्व्हर मर्यादित किंवा बंद केलेत त्याची यादीही असते. ही यादी म्हणजे त्या सर्व्हरची खरी राजकीय भूमिका. नियमांत 'सर्वांचं स्वागत' असं सगळेच लिहितात.

उदाहरण घ्यायचं तर गॅब हे अतिउजव्या वर्तुळात वापरलं जाणारं नेटवर्क जुलै २०१९ मध्ये मॅस्टोडॉनच्या कोडवर आलं. कोड खुला असल्यामुळे त्याला कुणी अडवू शकत नव्हतं. पण असंख्य सर्व्हरनी त्याच्याशी संबंध तोडले आणि ते एकटं पडलं. मेटाच्या थ्रेड्सने मार्च २०२४ मध्ये फेडिव्हर्सशी जोडणी सुरू केली, तेव्हाही काही सर्व्हरनी दार आधीच लावून घेतलं होतं आणि काहींनी उघडं ठेवलं. तुमचे वाचक थ्रेड्सवर असतील आणि तुमचा सर्व्हर थ्रेड्सला ब्लॉक करत असेल, तर तुमचं लिखाण त्यांना कधीच दिसणार नाही. हे आधी कळलेलं बरं.

डोमेनकडेही लक्ष द्या. समलिंगी आणि ट्रान्स समुदायासाठीचा एक सर्व्हर अफगाणिस्तानच्या 'डॉट एएफ' डोमेनवर चालत होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये तालिबानच्या ताब्यातल्या मंत्रालयाने ते डोमेन बंद केलं आणि त्या पत्त्यावरची सगळी खाती एकदम बंद पडली. दोन अक्षरी देश-डोमेन दिसायला छान दिसतं, पण त्याची दोरी त्या देशाच्या सरकारच्या हातात असते.

चुकीचा सर्व्हर निवडला म्हणून अडकून पडायला होत नाही. मॅस्टोडॉनमध्ये खातं दुसरीकडे हलवता येतं आणि फॉलोअर सोबत येतात. जुन्या पोस्ट मात्र येत नाहीत. तुम्ही ज्यांना फॉलो करता त्यांची यादी सीएसव्ही फाइल म्हणून उतरवून नव्या ठिकाणी चढवावी लागते. एकदा हलवल्यावर पुन्हा हलवायला ३० दिवस थांबावं लागतं. आणि जुना सर्व्हरच बंद पडला असेल तर यातलं काहीच करता येत नाही. म्हणून ही फाइल अधूनमधून उतरवून ठेवाच.

पायरी ३: बोलण्याआधी टाइमलाइन लावून घ्या

मॅस्टोडॉनच्या होम टाइमलाइनवर अल्गोरिदम नाही म्हणजे निवड तुम्हीच करायची. सुरुवात हॅशटॅग फॉलो करून करा. माणसं शोधायला वेळ लागतो, विषय लगेच सापडतात. मग दोन याद्या बनवा, एक राजकारणाची, एक तंत्रज्ञानाची, आणि त्या यादीतली माणसं होम टाइमलाइनवर दिसू नयेत असा पर्याय निवडा. मग राजकारण वाचायचं असेल तेव्हाच ती यादी उघडायची. दिवसभर ते अंगावर येत नाही. कुणाचं स्वतःचं लिखाण आवडतं पण तो दिवसाला पन्नास संतापजनक बूस्ट करतो, अशा माणसाला सोडायची गरज नाही. त्याच्या प्रोफाइलवरून फक्त त्याचे बूस्ट लपवता येतात. ही सोय फार थोड्यांना ठाऊक आहे आणि माझ्या मते मॅस्टोडॉनवरची सगळ्यात उपयोगी सोय हीच आहे.

शब्दांचे फिल्टर लावताना मराठीत एक अडचण येते. फिल्टरमध्ये 'पूर्ण शब्द' हा पर्याय चालू असेल तर 'निवडणूक' लिहिल्यावर 'निवडणुकीत', 'निवडणुकांचे' हे सगळं गाळणीतून निसटतं, कारण विभक्ती लागली की शब्द बदलतो आणि दीर्घ ऊ ऱ्हस्व होतो. तेव्हा तो पर्याय बंद करा आणि 'निवडणूक' व 'निवडणुक' अशी दोन्ही रूपं टाका. रोमन लिपीत मराठी लिहिणारे तुमच्या यादीत असतील तर ते रूपही घाला. फिल्टरला मुदत देता येते, अर्ध्या तासापासून आठवड्यापर्यंत. निकालाच्या दिवशी एक दिवसाचा फिल्टर लावावा आणि तो पोस्ट पूर्ण गायब करणारा नसून वर सूचना देऊन झाकणारा असावा. म्हणजे उघडायचं की नाही ते तुमच्याच हातात राहतं.

पायरी ४: प्रत्येक पोस्टचा श्रोता निवडा

मॅस्टोडॉनवर पोस्ट चार प्रकारे टाकता येते: पूर्ण सार्वजनिक; सार्वजनिक पण शांत, म्हणजे शोध, हॅशटॅग आणि सार्वजनिक फीडमध्ये न दिसणारी; फक्त फॉलोअरसाठी; आणि फक्त उल्लेख केलेल्यांसाठी. लांब धागा, म्हणजे एकाखाली एक जोडलेल्या पोस्ट, लिहायचा असेल तर पहिली पोस्ट सार्वजनिक ठेवा आणि पुढच्या सगळ्या शांत ठेवा. ज्याला वाचायचंय तो धागा उघडेल, सार्वजनिक फीड तुमच्या दहा पोस्टनी भरणार नाही. ब्लूस्कायवर खाजगी खातं किंवा फक्त फॉलोअरसाठीची पोस्ट नाही. तिथे कोण उत्तर देऊ शकेल एवढंच ठरवता येतं: सगळे, तुमचे फॉलोअर, तुम्ही फॉलो करता ते, उल्लेख केलेले, किंवा कुणीच नाही. वादग्रस्त विषयावर लिहिताना ही निवड पोस्ट टाकण्याआधीच करा.

चौथ्या प्रकाराबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण यात माणसं खरोखर पोळली आहेत. उल्लेख केलेल्यांसाठीची पोस्ट खाजगी मेसेजसारखी दिसते, पण ती ज्याच्या नावाआधी @ असेल त्या प्रत्येकाकडे जाते. समजा तुम्ही मैत्रिणीला खाजगीत लिहिलंत, 'या @अमुक माणसाचं बोलणं फसवं वाटतं.' तो अमुक माणूसही ते वाचतो. पाठीमागे बोलताना @ कधीही टाकू नका, नुसतं नाव लिहा.

शिवाय हे मेसेज एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड नसतात. तुमच्या आणि समोरच्याच्या सर्व्हरच्या ॲडमिनला ते तांत्रिकदृष्ट्या वाचता येतात. मे २०२३ मध्ये अमेरिकेत कोलेक्टिव्हा या डाव्या चळवळींच्या सर्व्हरच्या एका ॲडमिनच्या घरावर एफबीआयने छापा घातला. छाप्याचं कारण सर्व्हरशी संबंधित नव्हतं, पण जप्त केलेल्या सामानात सर्व्हरच्या डेटाबेसची एन्क्रिप्ट न केलेली प्रत होती. तिच्यात लोकांचे खाजगी मेसेजही होते. आंदोलनाची आखणी, सूत्रांची नावं, कुणाचा पत्ता, असलं काहीही इथे लिहू नका. त्यासाठी सिग्नलसारखं ॲप वापरा. ब्लूस्कायच्या स्वतःच्या थेट मेसेजनाही हाच नियम लावा.

डिलीट केलं म्हणजे गेलं असंही धरून चालू नका. तुमची पोस्ट दुसऱ्या सर्व्हरवर पोहोचलेली असते आणि डिलीट करणं ही त्या सर्व्हरला केलेली विनंती असते. बहुतेक मानतात, सगळे मानतीलच असं नाही.

पायरी ५: आता लिहा

मे २०२२ मध्ये युरोपीय आयोगाने बालकांच्या लैंगिक शोषणाला आळा घालण्यासाठी एका कायद्याचा मसुदा मांडला. मेसेजिंग सेवांना खाजगी मेसेज तपासण्याचा आदेश देता येईल अशी तरतूद त्यात होती, आणि विरोधकांनी त्याला 'चॅट कंट्रोल' नाव दिलं. राजकारण आणि तंत्रज्ञान एकमेकांत पुरतं गुंतल्याचं हे चांगलं उदाहरण. त्यावरची एक पोस्ट अशी असू शकते:

'सरकारांना तुमचे मेसेज वाचायचेत. चॅट कंट्रोल म्हणजे हुकूमशाही. गप्प बसणारे सगळे यात सामील आहेत. #राजकारण #तंत्रज्ञान'

आणि दुसरी अशी:

'युरोपीय आयोगाच्या मे २०२२ च्या मसुद्यात मेसेजिंग सेवांना खाजगी मेसेज तपासायला लावण्याची तरतूद होती. बालकांच्या संरक्षणाचा हेतू मला मान्य आहे. पण मेसेज एन्क्रिप्ट होण्याआधी फोनवरच तपासला, तर एन्क्रिप्शनला अर्थ काय उरतो? अशा तपासणी-प्रणालीवर ज्यांनी काम केलंय त्यांना विचारायचंय: निर्दोष माणूस चुकून अडकण्याचं प्रमाण खरंच कमी ठेवता येतं का? मूळ मसुद्याचा दुवा खाली. #चॅटकंट्रोल #खाजगीपणा'

दुसरी लांब आहे, पण मॅस्टोडॉनच्या ५०० अक्षरांत आरामात बसते. ब्लूस्कायवर ३०० ची मर्यादा आहे; पोस्ट त्यात बसली नाही आणि तिचे दोन तुकडे करावे लागले, तर प्रश्न दुसऱ्या तुकड्यात न टाकता पहिल्यात घ्या, कारण बूस्ट होते ती बहुधा पहिलीच पोस्ट. पोस्ट संदर्भ सोडून फिरते हे इथे कायम धरून चालायचं. कोणता देश, कोणता कायदा, कधीचा, हे पोस्टच्या आतच हवं. पहिल्या पोस्टमध्ये 'सरकारांना' म्हणजे कोणत्या, हे वाचणाऱ्याला कळत नाही, मग प्रत्येक जण आपल्या देशाचं सरकार समजून भांडायला लागतो.

दुसऱ्या पोस्टमध्ये वस्तुस्थिती, मत आणि प्रश्न वेगवेगळ्या वाक्यांत आहेत. ज्याला वस्तुस्थिती चुकीची वाटते तो तीच दुरुस्त करेल, तुमच्या मतावर घसरणार नाही. प्रश्न ठरावीक लोकांना विचारलाय, त्यामुळे ज्याच्याजवळ सांगण्यासारखं आहे तोच पुढे येण्याची शक्यता वाढते. आणि हॅशटॅग अरुंद आहेत. 'राजकारण' हा हॅशटॅग म्हणजे कुणालाही दिलेलं निमंत्रण.

पोस्ट टाकण्याआधी भाषेच्या बटणावर मराठी निवडलंय ना, ते बघा. भाषा चुकीची नोंदली तर भाषांतराचं बटण गडबडतं आणि मराठी वाचणाऱ्यांच्या भाषा-फिल्टरमध्ये तुमची पोस्ट अडकते. बातमीचा किंवा सरकारी कागदाचा स्क्रीनशॉट टाकत असाल तर त्यातला मजकूर चित्राच्या वर्णनात लिहा. स्क्रीनरीडर वापरणाऱ्यांसाठी ते गरजेचं आहेच, पण मजकूर टाइप करताना आपणही तो नीट वाचतो.

मजकूर झाकणारी सूचना लावायची की नाही, यावर फेडिव्हर्समध्ये फार जुना वाद आहे. २०२२ च्या अखेरीस ट्विटरवरून मोठी लाट आली तेव्हा अनेक कृष्णवर्णीय सदस्यांना वर्णभेदाचे अनुभव सूचनेआड लपवायला सांगण्यात आलं. आमचं रोजचं जगणं म्हणजे तुमच्यासाठी नको असलेलं राजकारण का, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. माझा स्वतःपुरता नियम असा: हिंसेची दृश्यं, निवडणुकीचे क्षणाक्षणाचे आकडे, बातम्यांवरचा त्रागा यांवर मी सूचना लावावी. दुसरा माणूस स्वतःवर बेतलेलं सांगत असेल तर त्याला सूचना लावायला सांगायला जाऊ नये. आणि सूचनेत नुसतं 'राजकारण' न लिहिता 'युरोपीय कायदा, खाजगी मेसेज' असं नेमकं लिहावं.

पायरी ६: उत्तर देण्याआधी मूळ पोस्ट तिच्या घरी जाऊन बघा

एकच आक्षेप वीस जण का घेतात, याचं कारण उद्धटपणा नसून बरेचदा तांत्रिक असतं. दुसऱ्या सर्व्हरवरच्या पोस्टला आलेली सगळी उत्तरं तुमच्या सर्व्हरपर्यंत पोहोचतातच असं नाही. तुम्हाला दोन उत्तरं दिसतात, प्रत्यक्षात तीस असतात. मॅस्टोडॉनच्या नव्या आवृत्त्या राहिलेली उत्तरं आणायचा प्रयत्न करतात, पण त्यावर विसंबू नका. पोस्टच्या मेन्यूतून ती मूळ सर्व्हरवर उघडा, तुमचा मुद्दा आधीच येऊन गेलाय का ते पाहा. आला असेल तर त्या उत्तराला लाइक द्या आणि पुढे चला.

मग बघा की समोरचा नेमकं काय विचारतोय. एखादी बाई लिहिते, 'अपडेटनंतर चांगला चाललेला फोन दिवसभरही टिकत नाही. हे कायद्याने थांबवायला हवं.' खाली उत्तरं येतात: 'बॅटरी सेव्हर चालू करा.' 'दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम टाका.' 'मला तर काही त्रास नाही.' तिने दुरुस्ती विचारलीच नव्हती, ती धोरणाबद्दल बोलत होती. 'युरोपीय संघाने २०२४ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा निर्देश मंजूर केलाय. तो सॉफ्टवेअर अपडेटपर्यंत पोहोचतो का, यावर तुमचं काय मत?' हे उत्तर तिच्या विषयाला धरून आहे. उलटही तितकंच खरं. कुणी साधा प्रश्न विचारला की कोणता ब्राउझर वापरू, तर त्याला भांडवलशाहीवर व्याख्यान देऊ नका. ब्राउझरचं नाव सांगा.

मतभेद कसा मांडावा याचा नमुना हवा असेल तर नोव्हेंबर २०२४ मधली एक देवाणघेवाण सांगतो. ॲक्टिव्हिटीपब घडवणाऱ्यांपैकी एक, क्रिस्टीन लेमर-वेबर यांनी ब्लूस्काय खरोखर किती विकेंद्रित आहे यावर दीर्घ लेख लिहिला. ब्लूस्कायने काय चांगलं केलंय ते त्यांनी मोकळेपणाने मान्य केलं. सगळी रचना स्वतःच्या बळावर चालवणं किती महाग पडतं ते मांडलं, आणि याला विकेंद्रित म्हणण्यापेक्षा 'बाहेर पडायची खात्रीशीर वाट' म्हणणं जास्त अचूक ठरेल असा मुद्दा मांडला. ब्लूस्कायच्या ब्रायन न्यूबोल्ड यांनी तितकंच सविस्तर उत्तर दिलं. दोन प्रतिस्पर्धी प्रकल्पांतली माणसं, पण कुणी कुणाच्या हेतूवर शंका घेतली नाही. 'मॅस्टोडॉन की ब्लूस्काय' यावर रोज झडणाऱ्या भांडणांपेक्षा त्या दोन लेखांतून मला कितीतरी जास्त शिकायला मिळालं.

कोट करून, म्हणजे दुसऱ्याची पोस्ट आपल्या पोस्टमध्ये घेऊन, टोमणा मारणं ही वेगळीच बाब. मॅस्टोडॉनने ही सोय कित्येक वर्षं मुद्दाम दिली नव्हती. २०२५ मध्ये दिली ती लेखकाच्या परवानगीसह: तुमची पोस्ट कोण कोट करू शकेल हे तुम्ही ठरवता. ब्लूस्कायवर कुणी कोट केलं तर तुमची पोस्ट त्यातून काढून घेता येते. दोन्ही सेटिंग आजच शोधून ठेवा, झुंड आल्यावर शोधायला सुचत नाही.

पायरी ७: थांबायचं कसं

चर्चा कंटाळवाणी झाली तर धागा म्यूट करा. समोरच्याला कळत नाही. माणूस चांगला आहे पण आज तापलाय असं वाटलं तर त्याला एका दिवसापुरतं म्यूट करता येतं. ब्लॉक हे शेवटचं हत्यार असलं तरी वापरायला संकोच करू नका. फक्त ब्लूस्कायवर ते सार्वजनिक असतं आणि तुमच्या दोघांमधला संवाद इतरांच्या नजरेतूनही तुटतो, हे माहीत असू द्या.

झुंड आली तर प्रत्येकाला उत्तर देत बसू नका. मूळ पोस्टखाली स्वतःच एक स्पष्टीकरण लिहा आणि सूचनांचे (नोटिफिकेशनचे) फिल्टर चालू करा. मॅस्टोडॉनच्या ४.३ आवृत्तीपासून अनोळखी लोकांच्या आणि नव्याकोऱ्या खात्यांच्या सूचना वेगळ्या खणात ठेवता येतात. ब्लूस्कायवर उत्तरांची परवानगी पोस्ट टाकल्यानंतरही बदलता येते.

धमकी, छळ, द्वेष असेल तर रिपोर्ट करा. मोडलेला नियम निवडा, एकच पोस्ट न देता चार-पाच जोडा, आणि दुसऱ्या सर्व्हरचा माणूस असेल तर तिकडेही रिपोर्ट पाठवण्याची खूण करा. मजकूर मराठीत असेल तर आणखी एक काम करावं लागतं. मॉडरेटर बहुधा स्वयंसेवक असतात आणि मराठी जाणणारा विरळा. यांत्रिक भाषांतरात शिवी सौम्य होते आणि जातीवरून मारलेला टोमणा तर दिसतही नाही. म्हणून रिपोर्टच्या चौकटीत त्यांच्या भाषेत दोन वाक्यं लिहा: शब्दांचा अर्थ काय, आणि तो अपमानकारक का आहे.

पायरी ८: बातमी पुढे पाठवण्याआधी खातं तपासा

निळी खूण विकत घेण्याची पद्धत इथे नाही. मॅस्टोडॉनवर प्रोफाइलमधला दुवा हिरवा दिसत असेल तर ती वेबसाइट आणि हे खातं एकाच माणसाच्या ताब्यात आहेत, एवढं सिद्ध होतं. वेबसाइट कुणाची ते तुम्हीच बघायचं. ब्लूस्कायवर संस्था स्वतःचं डोमेनच खात्याचं नाव म्हणून वापरतात. सरकारी संस्थांनी स्वतःचे सर्व्हर चालवणं ही मला सगळ्यात पक्की पद्धत वाटते. युरोपीय आयोग आणि जर्मनीचं सरकार ते करतात. त्यांच्या डोमेनवर तिसरा कुणी खातं उघडू शकत नाही.

जाता जाता दोन सेटिंग

मॅस्टोडॉनमध्ये जुन्या पोस्ट आपोआप काढून टाकण्याची सोय आहे, एका आठवड्यापासून दोन वर्षांपर्यंतची मुदत ठरवून. पिन केलेल्या आणि बुकमार्क केलेल्या पोस्ट वगळता येतात. रोजच्या राजकीय शेऱ्यांना सहा महिने पुरेसे आहेत. विचारपूर्वक लिहिलेले धागे बुकमार्क करून ठेवा.

दुसरं म्हणजे, तुमचा सर्व्हर देणग्यांवर चालत असेल तर माहितीपानावर देणगीचा दुवा असतो. जमेल तेवढं द्या, आणि रिपोर्ट सोडवणाऱ्या मॉडरेटरला एकदा दोन ओळींचा मेसेजही टाका.